डब्यातलं नाव

मे महिना लागला की मूल रोडवरून तेंदूपत्त्याचे ट्रक जायला लागतात. माझं चंद्रपूरचं घर रस्त्याच्या कडेलाच आहे. ट्रक दिसायच्या आधी वास येतो, वाळलेल्या पानांचा, पोत्यांच्या तागाचा, मधूनच जरा तंबाखूसारखा. लोकांना या दिवसांत आंबे आठवतात. मला हा वास आला की उजव्या हाताची बोटं दुखायला लागतात. माझी बोटं धडधाकट आहेत. मोडली होती ती दुसऱ्याची.

यंदा नेमकी याच दिवसांत मुलगी नागपूरहून आली आणि तिने तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "बाबा, भंगारात देऊ का? सुरू व्हायलेच अर्धा तास घेते." मी म्हटलं, ठेव, मी लिनक्स टाकतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. फुकट मिळते, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली आहे आणि आत काय आहे ते कोणीही उघडून पाहावं अशी मुभा आहे. जुन्या, दमलेल्या यंत्रावर ती बऱ्यापैकी चालते. हल्ली हे काम सोपं झालंय. पेनड्राइव्ह लावायचा, चहा घेऊन यायचं, तोवर निम्मं काम उरकलेलं असतं. शिवाय आता ती सिस्टीम मराठीत बोलते. चहा घेऊन आलो तेव्हा पडद्यावर प्रश्न होता, तुमचे नाव काय? खाली रिकामी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी रेघ.

मुलगी मागून म्हणाली, "टाका ना बाबा." मी उठलो तो इतक्या जोरात की खुर्ची मागे पडली आणि कप फुटला. मुलगी घाबरून बघत राहिली. तिला काय सांगणार? राग आला की काहीतरी आपटावंसं वाटतं ही माझी जुनी खोड आहे, एवढंच तिला ठाऊक आहे.

ही खोड शाळेत शिकवताना माझ्या फार कामी आली, असं मी तेव्हा समजत होतो. धानोऱ्यापासून आत, डांबर संपल्यावर दोन नाले ओलांडून एक गाव आहे. तिथे मी नऊ वर्षं शिक्षक होतो. माझी छडी सागाची होती आणि ती मी तेल लावून ठेवत असे. आमच्या घरी वडिलांनी शिक्षणासाठी उपास काढलेले. विहारातल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली त्यांचं नाव आहे, सप्रेम भेट म्हणून. शिकलात तर माणसात याल हे त्यांनी मला मारून शिकवलं आणि मी ते पोरांना मारून शिकवलं. एक मुलगी इंग्रजीतला डी आणि बी उलटसुलट काढायची. तेव्हा त्या वर्गाच्या अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हतंच, मी हौसेने शिकवायचो. तरी तिच्या तळहातावर मी छड्या ओढल्या, हात सुजेपर्यंत. तिचं नाव इथे लिहीत नाही. नावं लिहिण्याची हौस माझी एकदाची फिटलेली आहे.

जंगलात त्या दिवसांत सगळंच असं मारून-झोडून चाललेलं असायचं. होळीच्या सुमारास तेंदूची झुडपं बुंध्याशी छाटायची, पाचोळा पेटवायचा. पंधरा दिवस डोंगर काळा. मग त्या राखेतून जी तांबूस पालवी फुटते तीच मऊ, तीच विडीच्या कामाची. मे उजाडला की भल्या पहाटे गाव रिकामं होई. नऊ-दहापर्यंत डोक्यावर पानांची गाठोडी घेऊन माणसं परतायची आणि मग घरोघर मांडवाखाली पुडकी बांधायची. सत्तर पानं एकावर एक, पालथी-उताणी जुळवून, वाकाच्या, म्हणजे झाडाच्या सालीच्या, दोरीने एका झटक्यात गाठ. एका वर्षी एका बाईचा अर्धा चेहरा तेंदू तोडताना अस्वलाने ओरबाडून नेला होता. ती तशीच फडकं बांधून पुडकी बांधत बसलेली मी पाहिली आहे.

त्या वर्षी, म्हणजे शतक उलटून तीन-चार वर्षं झाली असतील, मी सुट्टीतही घरी गेलो नाही. तालुक्याच्या एका कचेरीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर मी शाळेसाठी मागून आणला होता. पिवळा पडलेला डबा, पोटाएवढा मॉनिटर. जुनी सिस्टीम सुरू होता होता बंद पडायची. धानोऱ्यात शरीफभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांनी मासिकाबरोबर आलेली एक सीडी काढून दाखवली.

"गुर्जी, ये मुफत का माल है, लेकिन चोरीचा नाई," ते म्हणाले. "हे टाकून पाहू. चाललं तं चाललं."

"फुकट काऊन देतात?" मी विचारलं.

"मोहफूल काऊन फुकट देते झाड? पडते, आपण वेचतो."

हे मला पटलं होतं. अजूनही पटतं. कोणाच्या मालकीचं नाही आणि सगळ्यांचं आहे, असं काहीतरी जगात असावं ही इच्छा वाईट नव्हती. जंगल तसं आहे असं आम्ही पोरांना शिकवायचो. प्रत्यक्षात त्या वर्षांत जंगलात दोन बाजूंनी, पोलिसांच्या आणि नक्षलवाद्यांच्या, बंदुका होत्या आणि वाटेवरचं पान तोडायचं तरी कोणीतरी बघतंय का याचा अंदाज घ्यावा लागे.

शाळेत वीज नव्हती. गावात वीज होती ती दसरूभाऊंच्या घरी. दसरूभाऊ गावातले जाणते, पन्नाशीचे, काटक, हसले की सगळे दात दिसायचे. डांबरी रस्त्यापासून तो डबा त्यांनीच आपल्या बैलबंडीत तणसावर ठेवून आणला, नाल्यात बंडी हिंदकळली तेव्हा मॉनिटर मांडीवर घेतला. घरातली मागची खोली रिकामी करून दिली. त्यांची बायको मैनाबाई खिडकीवर ओलं पोतं बांधायची, यंत्र तापू नये म्हणून. "याले बी लू लागते का?" ती विचारायची.

पहिले दोन दिवस नुसती मारामारी. सीडी ओरखड्यांची, अर्ध्यावर अडकायची. वीज जायची, की पुन्हा पहिल्यापासून. मी डब्याला थपडा मारल्या, एकदा तर लाथ. धानोऱ्याहून मदतीला आलेले शरीफभाई घाम पुसत म्हणायचे, "पोरगं नाई गुर्जी, मशीन हाये. मारून नाई आयकत." तिसऱ्या दिवशी सीडी सुरळीत फिरली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, या डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का? शरीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आत कचेरीच्या जुन्या फायली होत्या, आम्हाला त्यांच्याशी काय देणंघेणं? मी बटण दाबलं. मला त्यात चक्क मजा वाटली, डोंगर पेटवल्यावर वाटते तशी.

मग त्याने नाव विचारलं. नाव दिल्याशिवाय पुढे जायचंच नाही, असा त्याचा हट्ट. मी क्षणभर विचार केला, आणि जे केलं ते आपल्याकडचा कोणीही शहाणा माणूस करेल. शाळेच्या घंटेवर देणाऱ्याचं नाव, पाण्याच्या पिंपावर नाव, पंख्याच्या पात्यावर नाव. वडिलांचं नाव घड्याळाखाली. ज्याने जागा दिली, वीज दिली, बंडीतून मांडीवर घेऊन आणलं, त्याचंच नाव या यंत्रावर नको का? मी टाकलं, दसरू. इंग्रजीत, पाच अक्षरं.

यंत्र सुरू झालं तेव्हा निळ्या पडद्यावर माणसाचं छोटं चित्र आलं आणि खाली ते नाव. दसरूभाऊंना मी अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. ते इतके हसले की खोकला लागला. "ए मैना! पाय, माह्यं नाव टीव्हीत आलं!" त्यानंतर रोज सकाळी पानं तोडून आले की आंघोळीच्या आधी मागच्या खोलीत यायचे. "लावा गुर्जी, मले पाहू द्या." नाव दिसलं की समाधानाने पुडकी बांधायला जायचे. माझ्या आयुष्यात मी कोणाला इतकं स्वस्तात इतकं खूश केलं नाही.

आता माझी दुसरी चूक. चार-पाच दिवसांनी गणवेशातले काहीजण गस्तीवरून येताना पाणी प्यायला अंगणात थांबले. एकाने खिडकीतून डोकावून विचारलं, काय गुरुजी, याच्यात काय भरता? मी आपला मास्तरी विनोद केला, "नावं भरतो." म्हणजे पोरांची, हजेरीची. ते हसले, पाणी पिऊन गेले. पण मांडवाखाली तेव्हा दहा माणसं पुडकी बांधत होती आणि तेंदूच्या हंगामात बातमी गाठोड्याबरोबर गावोगाव फिरते. कचेरीतून आलेलं यंत्र, गणवेशवाले बघून गेले आणि गुरुजी म्हणतात त्यात नावं आहेत. त्या मुलखात त्या वर्षांत यादी म्हणजे पोलिसांना पुरवलेली नावं, आणि त्या शब्दासाठी माणसं झाडाला बांधून मारली गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दुसरे आले. सातजण, बंदुका घेऊन. दहाचा सुमार, ऊन भाजत होतं, गाव मांडवाखाली बसलेलं. त्यांच्या म्होरक्याच्या गळ्यात टॉवेल होता आणि आवाज मऊ होता. त्या मऊ आवाजाची मला अजून भीती वाटते. त्याने मला यंत्रापुढे बसवलं.

"कचेरीतली यादी दाखव."

"यादी नाही. जुनं सगळं पुसलंय."

"पुसली म्हणजे होती." तो माझ्याकडे वाकला. "काऊन पुसली?"

  "चालू कर," तो म्हणाला. एरवी सारखी जाणारी वीज नेमकी त्या दिवशी टिकून होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायला लागल्या, यंत्र स्वतःला तपासतं तेव्हा धावतात तशा. "पाय, किती नावं चाल्ली," त्यांच्यातला एकजण पुटपुटला. मी सांगत होतो की ही नावं नाहीत, पण ते पडद्याकडेच बघत होते. मग निळा पडदा आला. एक माणूस, आणि खाली एक नाव.

म्होरक्याने मागे वळून कोणाला तरी बोलावलं. खांद्याला बंदूक लावलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी पुढे आली. तिने अक्षरांखाली बोट धरलं आणि मी तिला त्या बोटावरून ओळखलं. मीच शिकवलेलं, बोट धरून वाचायचं. पहिलं अक्षर डी होतं. तिने ते या खेपेला बरोबर ओळखलं. "दसरू," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता बाजूला झाली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. हे नाव मी टाकलं, या माणसाला अक्षर येत नाही, एवढं एकच वाक्य. ते तोंडात तयार होतं. मी ते गिळलं. मला जगायचं होतं. घरी बायको होती, मुलगी चार वर्षांची होती. ही कारणं खरी आहेत आणि त्यांचा काही उपयोग नाही.

दसरूभाऊंना त्यांनी मांडवाखालून ओढून मोहाच्या झाडाखाली आणलं. हातात अर्धवट बांधलेलं पुडकं तसंच होतं. बांबूने मारलं, पाठीवर, पोटऱ्यांवर, तोंडावर. बांबू फुटला तसा दुसरा आणला. मैनाबाई किंचाळत धावली तर तिला बंदुकीच्या दस्त्याने पाडलं. दसरूभाऊ ओरडत होते, "मले लिवता नाई येत! मी आंगठेवाला मानूस! म्या नाई लिवलं!" आणि प्रत्येक खेपेला माझ्याकडे बघत होते. गुरुजीनं लिवलं असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

"ज्या हातानं यादीत नावं चढवली तो हात," म्होरक्या म्हणाला. उखळाशेजारी एक सपाट दगड होता, मैनाबाई त्यावर मिरच्या कुटायची. त्यावर त्यांनी दसरूभाऊंचा उजवा हात ठेवला. हात मागे ओढला जात होता. म्होरक्या माझ्याकडे वळला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "गुर्जी, धरा."

मी धरला. दोन्ही हातांनी, मनगट. ते घामाने निसटत होतं म्हणून घट्ट धरला. कुऱ्हाडीची मागची बाजू तीनदा पडली. तो आवाज आणि माझ्या तळव्यात आलेला तो धक्का, याच्याविषयी मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आज लिहितोय.

जाताना त्यांनी डबा आणि मॉनिटर अंगणात ओढून त्यांवर कुऱ्हाडी चालवल्या. काच अंगणभर झाली. दुपारी आम्ही दसरूभाऊंना त्यांच्याच बंडीत, त्याच तणसावर घालून रस्त्यापर्यंत नेलं. हात पळसाच्या पानांत गुंडाळला होता. मी शेजारी बसलो होतो. नाल्यात बंडी हिंदकळली तसे त्यांनी डोळे उघडले.

"गुर्जी."

"बोला भाऊ."

"आधी त्यातलं माह्यं नाव काढजा. नाई तं ते फिरून येतीन."

"काढतो," मी म्हटलं.

जीव वाचला. हाडं सांधली, पण बोटं मिटेनात. फुटलेल्या डब्यातून मी हार्ड डिस्क काढून घेतली, हाताच्या तळव्याएवढी लोखंडी वडी, तिच्यावर साधा ओरखडा नव्हता. शरीफभाई म्हणाले, "लाओ, माह्या मशीनले लावून दोन मिनटात पुसून देतो." मी दिली नाही. जूनमध्ये माझी बदली झाली आणि मी त्या गावाकडे पाठ फिरवली. डिस्क बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, पेटीच्या तळाशी राहिली. का पुसली नाही? पुसलं की झालंच नाही असं होतं, हे मी पडद्यावर एकदा पाहिलं होतं. मला ते नको होतं. किंवा मला फक्त त्या नावाची भीती वाटत होती. काहीही असो, दिलेला शब्द मी वीस वर्षं पेटीत कुजवला.

मुलीने खुर्ची उचलली, कपाचे तुकडे गोळा केले. लॅपटॉपवरची रेघ लुकलुकतच होती. मी आत जाऊन पेटी उघडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धानोऱ्याची गाडी धरली.

आता एका नाल्यावर पूल झालाय. दसरूभाऊ मांडवाखाली बसले होते, म्हातारे, वाळलेले. पुडक्यांची गाठ मैनाबाई मारत होती. ते पानं जुळवून, दोरीचं एक टोक दातांत धरून डाव्या हाताने वळसा घेऊन देत होते. उजवा हात मांडीवर पडलेला, बोटं उघडी. मला त्यांनी लगेच ओळखलं. दोरी तोंडातून काढून पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"काढलं का नाव?"

मी पिशवीतून डिस्क काढून पुढे ठेवली. "यातच आहे अजून."

मैनाबाईचे हात थांबले. दसरूभाऊंनी डिस्क उचलून डाव्या हातात वजन पाहिलं. मी बोलायला लागलो. त्या दिवशी मी सांगायला हवं होतं, मी भ्यालो, मला माफ करा, असं काहीबाही. माझा आवाज रडका झाला होता आणि मला त्याची किळस येत होती.

"म्या बी नाई सांगतलं तुमचं नाव," ते म्हणाले. "तुमी सोताहून सांगान, म्हून वाट पाह्यली." मग डिस्क खाली ठेवून, "लय वेळ पाह्यली गुर्जी."

ते उठले, आतून कुऱ्हाड घेऊन आले. उखळाशेजारी तो दगड अजून होता. डिस्क त्यावर ठेवून त्यांनी डाव्या हाताने घाव घातला. डिस्क घसरून अंगणात उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. डावा हात, नेम कच्चा, कुऱ्हाड दर वेळी तिरपी पडत होती. मी म्हटलं, द्या, मी फोडतो.

"तुमी नाई," ते म्हणाले. "तुमी धरा."

मी दगडापुढे बसलो. डिस्क उन्हाने तापली होती. दोन्ही हातांनी धरली. मान खाली घालून डोळे मिटले.

"डोये उघडे ठेवा," दसरूभाऊ म्हणाले. "माह्ये उघडे होते."

मी उघडले. पहिला घाव दगडावर पडला, माझ्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर, आणि दगडाची कपची गालाला लागली. त्यांनी कुऱ्हाड पुन्हा उचलली. मी हात काढला नाही.